आधी उलटायला शिका

शाळेच्या सहलीचे ठिकाण ठरवताना पाण्याचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "नकोच ती कटकट. पाणी असेल तिथे सहल न्यायचीच नाही." दुसरा म्हणतो, "आम्ही लहानपणी विहिरीत उड्या मारल्या, आम्हांला काय झाले? पोरांना जरा धीट होऊ द्या." दोघेही बोलतात ते भीतीविषयी. एकाला ती टाळायची असते, दुसऱ्याला घालवायची असते. पाण्याला मात्र तुमच्या भीतीशी काही कर्तव्य नाही. ते आपल्या नियमांनी वागते, आणि ते नियम आठवी-नववीच्या पुस्तकांत छापलेले आहेत.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या पठारावर मी अधूनमधून विद्यार्थ्यांची शिबिरे नेतो. तेथून जव्हारमार्गे दाभोसा गाठता येते. लेंडी नदी येथे सुमारे ३०० फूट खाली कोसळते. पावसाळा ओसरल्यावर खालच्या डोहात कयाक, म्हणजे एका-दोघांनी बसून वल्हवायची अरुंद होडी, चालवतात. याच दाभोशाला मे २०२४ मध्ये सुमारे १२० फूट उंचीवरून कुंडात उडी घेणाऱ्या एका तरुणाचा मृत्यू झाला. वर्तमानपत्रांत 'अतिउत्साह नडला' अशा धर्तीची वाक्ये आली. मला ती अपुरी वाटतात. १२० फूट म्हणजे सुमारे ३६ मीटर. हवेचा विरोध सोडून v² = 2gh हे सूत्र वापरा. वेग येतो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी ९५ किलोमीटरच्या पुढे. पाणी मऊ असते हा आपला अनुभव सावकाश शिरणाऱ्या हाताचा आहे. एवढ्या वेगाने येणाऱ्या शरीराला वाट करून द्यायला पाण्याला वेळच मिळत नाही. हे गणित दहावीच्या कोणत्याही मुलाला दोन मिनिटांत करता येते. प्रश्न एवढाच, की काठावर उभे असताना ते त्याला आठवेल असे आपण ते शिकवतो का?

माझे मत असे, की विद्यार्थ्याने पाण्यातील साहसी खेळ जरूर करावा. पण त्याची पहिली वेळ हिवाळ्यात, संथ आणि उथळ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली यावी, आणि तिचा पहिला धडा उलटण्याचा असावा.

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर प्रथम कयाकमध्ये बसलो. शिकवणाऱ्याने वल्हे हातात देण्याआधी मला छातीभर पाण्यात तीनदा उलटवले. पहिल्या वेळी नाकातोंडात पाणी गेले. दुसऱ्या वेळी होडी कुठे आहे ते कळले. तिसऱ्या वेळी मी ती सरळ केली, पाय मारत तिच्यावर पोट टाकले आणि वळून बसलो. त्यानंतर डोहात जाताना अंग सैल राहिले. हे सैल राहणे महत्त्वाचे आहे. नवशिका माणूस ताठ बसतो. मग होडी जरा कलली की त्याचे धडही तिच्याबरोबर कलते, गुरुत्वमध्य आधाराच्या बाहेर जातो आणि होडी पालथी होते. कंबर सैल ठेवली तर खाली होडी हलते आणि धड जागेवर राहते.

वाहत्या पाण्यात तर आपली उपजत बुद्धी थेट शत्रू होते. प्रवाहाने होडी आडवी होऊन एखाद्या खडकाला टेकली, की प्रत्येक नवशिका खडकापासून दूर झुकतो. दूर म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला. त्या बाजूची कड खाली जाते, पाणी तिच्यावर चढते आणि होडी क्षणात उलटते. झुकायचे असते खडकाकडे! हे वाचून लक्षात राहत नाही, अंगवळणी पाडावे लागते.

प्रवाहाचा जोर किती, याचाही आपल्याला अंदाज नसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०० चे वर्गमूळ सुमारे २८. म्हणजे सेकंदाला १ मीटर, सावकाश चालीने वाहणारे पाणी, सेकंदाला २८ मीटर वाहणाऱ्या वाऱ्याइतके ढकलते. हा झाला ताशी १०० किलोमीटरचा वादळी वारा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सूर्यमाळसारख्या पठारावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे वर सर पडली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पावसाळ्यात धबधब्याखाली जाऊच नये याला आणखी एक कारण आहे. तेथील पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते. त्यात ४० टक्के हवा असेल तर घनता ०.६ च्या आसपास येते. ६० लिटर आकारमानाच्या शरीराला ते पाणी ३६ किलोचाच आधार देते. पट्टीचा पोहणाराही तिथे बुडतो.

आता लाइफ जॅकेटविषयी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मरण पावल्या. होडीतल्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. ते नेमके करते काय? छाती भरून श्वास घेतला की माणूस जेमतेम तरंगतो. घाबरून किंचाळला की दोन-तीन लिटर हवा बाहेर जाते, तेवढाच आधार कमी होतो आणि तो खाली जातो. डोके पाण्याबाहेर ठेवायला चार-पाच किलोचा जादा आधार पुरतो. जॅकेट तो देते, पण ते आकाराचे असेल आणि पट्टे घट्ट असतील तरच. नाहीतर जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली सरकतो.

चांगल्या जॅकेटवर त्याचे प्लावक बल न्यूटनमध्ये छापलेले असते. पोहता येणाऱ्यांसाठी ५०, इतरांसाठी १०० किंवा अधिक; मुलांच्या लहान मापांना ते कमी असते. छापलेले खरे आहे का हे शाळेत तपासता येते. पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात जॅकेट सोडा आणि ते पूर्ण बुडेपर्यंत त्याला दगड बांधत जा. १० किलोचा काळा दगड पाण्यात सुमारे साडेसहा किलोच भरतो, हे हिशेबात धरा. १०० न्यूटनच्या जॅकेटला बुडवायला सुमारे साडेपंधरा किलो दगड लागले पाहिजेत. एका ठिकाणी आम्ही भाड्याची जॅकेटे अशी तपासली, तेव्हा एक आठ किलोलाच तळाशी गेले. आतला फोम दबून दगड झाला होता. बाहेरून मात्र ते इतरांइतकेच केशरी होते.

२०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, ते चांगले झाले. त्यातून मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरील मुलामुलींना प्रशिक्षण मिळावे असे मला फार वाटते. डोह कुठे खोल आहे, तळाशी खडक कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. ज्या मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाते आणि जिथे उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात, तिथे आपण शहरातून पाण्यात खेळायला जातो. खेळ शिकवण्याचे काम आणि त्याचे पैसे तरी त्यांच्याकडे जावेत.

विज्ञान शिक्षकांना एक विनंती. पिंपाचा प्रयोग सहलीच्या आधीच्या आठवड्यात करा, आणि दगड मुलांना बांधू द्या. दिवाळीनंतरची वेळ त्याला बरी; नद्या तोवर निवळलेल्या असतात.