फुकट केसपेपर, विकतचं औषध
तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सरकारी रुग्णालयात औषधं मोफत मिळतात, त्यामागे उदारपणापेक्षा खरेदीची शिस्त जास्त आहे. या राज्याने १९९४मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापलं: जेनेरिक औषधांची एकत्रित खरेदी, प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, पण केसपेपरचे पैसे वाचले आणि बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हाती पडली, तर खर्च टळला कुठे? एकत्रित खरेदीतल्या स्वस्त निविदेत दर्जा घसरतो, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच तर प्रत्येक खेपेची तपासणी हवी. महाराष्ट्राचं औषध खरेदी प्राधिकरणही २०२३चंच, म्हणजे तमिळनाडूपेक्षा जवळपास तीन दशकं उशिरा. आता निदान प्रत्येक रुग्णालयाने औषधांचा शिल्लक साठा रोज फलकावर लिहावा.