ईस्टर आणि जागरण

महाशिवरात्रीला गंगातलावावर केलेल्या जागरणाच्या आठवणी ताज्या असतानाच काही आठवड्यांनी आपल्या मॉरिशस बेटावर ईस्टरचा सण येतो. गावोगावच्या देवळांत आणि गिरिजाघरांत पाळीपाळीने घंटा वाजत असतात, आणि आपण मराठी माणसे दोन्ही घंटा लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेजारच्या ख्रिस्ती घरातून केकची बशी येते, आपल्याकडून गणेश चतुर्थीला मोदक जातात. हा शेजारधर्म आपण चांगला पाळला आहे. परंतु शेजाऱ्याच्या सणाचा अर्थ काय, हे आपण त्याला क्वचितच विचारतो. या अंकात आम्ही तो अर्थ समजून घेण्याचा थोडा प्रयत्न करणार आहोत.

ख्रिस्ती श्रद्धा अशी की, शुक्रवारी क्रूसावर मृत्यू पावलेला येशू तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, कबरेतून उठला. याला पुनरुत्थान म्हणतात. आपण ज्याला पुनर्जन्म म्हणतो तो हा नव्हे. पुनर्जन्मात आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घेतो आणि कर्माचा हिशोब पुढे चालू राहतो. पुनरुत्थानात तोच देह, तेच नाव, तीच जखम घेऊन माणूस मृत्यूच्या पलीकडून उभा राहतो. या दोन कल्पना एकच आहेत असे गोड बोलून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. दोन्ही श्रद्धा एका ठिकाणी मात्र जवळ येतात. आज मी काय करतो त्याचा शेवट माझ्या चितेवर किंवा कबरेत होत नाही, असे दोन्ही सांगतात.

संत पौलाने करिंथ येथील मंडळीला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या पंधराव्या अध्यायात हाच मुद्दा आहे. मेलेले उठत नसतील तर खावे, प्यावे आणि उद्या मरून जावे, एवढेच उरते, असे तो म्हणतो. लगेच पुढे तो त्या लोकांना शुद्धीवर यायला आणि पाप सोडायला सांगतो. पुनरुत्थानावरचा विश्वास हा मेल्यानंतरच्या सुखाची हमी म्हणून तो मांडत नाही. तो झोपलेल्याला हलवून उठवतो आणि नीट वागायला लावतो.

जागे होण्याची ही भाषा मराठी माणसाला परकी नाही. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी फिरते आणि कोण जागे आहे असे विचारते, ही गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली. काकड आरतीला आपण देवाला उठवतो खरे, पण त्यासाठी आधी आपल्याला उठावे लागते. देवीचा जागर असो, गोंधळ असो, आपल्या पूर्वजांनी भक्तीची जोड नेहमी जागरणाशी घातली. प्रश्न इतकाच की, डोळे उघडे ठेवले म्हणजे माणूस जागा असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जर्मनीची आठवण होते. ज्या देशात १५१७ साली मार्टिन ल्यूथरने धर्मसुधारणेला आरंभ केला, ज्या देशात लाखो लोक गिरिजाघरात जात, त्याच देशात १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांवर सरकारी बहिष्कार पुकारला गेला. दुकानांच्या दारांत गणवेशधारी पहारेकरी उभे राहिले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १६ एप्रिलला, ईस्टर होता. लोकांनी पुनरुत्थानाची गीते गायिली, एकमेकांना शुभेच्छा दिल्या, आणि बहुतेकांनी शेजारच्या ज्यू दुकानदाराविषयी तोंडातून शब्द काढला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चर्चच्या निवडणुका झाल्या. त्यांत हिटलरच्या विचारांशी जुळवून घेणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाला मोठे बहुमत मिळाले. हे लोक नास्तिक नव्हते. ते प्रार्थना करीत होते, आणि तरीही झोपलेले होते.

या झोपेत जे थोडे जागे राहिले त्यांत डीट्रिश बॉनहोफर हे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी झाला. वडील प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ, घर सुखवस्तू, आणि मुलगा धर्मशास्त्राचा हुशार पंडित. आरामात प्राध्यापकी करून आयुष्य काढता आले असते. परंतु १९३३ च्या एप्रिलमध्येच त्यांनी लिहिले की, सरकारला जाब विचारणे आणि अन्यायाच्या चाकाखाली सापडलेल्यांना मदत करणे हे चर्चचे काम आहेच, पण वेळ आली तर ते चाकच अडवावे लागेल. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बॉनहोफर यांना हिंदुस्थानात येऊन महात्मा गांधींजवळ राहायचे होते. अन्यायाला हिंसेवाचून कसा विरोध करावा, हे त्यांना शिकायचे होते. १९३४ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून आश्रमात येण्याचे निमंत्रणही दिले. हेच गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी जाताना आपल्या बेटावर उतरले होते आणि मुलांना शिकवा असे आपल्या वाडवडिलांना सांगून गेले होते. बॉनहोफर यांचा प्रवास मात्र घडला नाही. १९३५ मध्ये त्यांच्यावर तरुण पाद्री तयार करणाऱ्या एका विद्यालयाची जबाबदारी आली. फिंकनवाल्ड येथील हे विद्यालय गुप्त पोलिसांनी १९३७ मध्ये बंद केले.

त्याच वर्षी त्यांचा ‘नाखफोल्गे’ म्हणजे अनुसरण हा ग्रंथ निघाला. त्यातील मुख्य विचार कोणत्याही धर्माच्या माणसाने मनाशी धरावा असा आहे. ते दोन प्रकारची कृपा मानतात, स्वस्त आणि महाग. ज्या कृपेसाठी काही सोडावे लागत नाही, काही बदलावे लागत नाही, ती स्वस्त. नारळ फोडला, मेणबत्ती लावली, पाप धुतले गेले, आणि सोमवारपासून पहिल्यासारखेच वागायला मोकळे! महाग कृपा माणसाचे सबंध आयुष्य मागते. जर्मनीचे चर्च स्वस्त कृपेवर जगत आहे आणि म्हणूनच ते आतून पोखरले आहे, असे त्यांनी सांगितले.

१९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्यांना सुरक्षित राहावे म्हणून अमेरिकेला बोलावून घेतले. ते न्यूयॉर्कला गेले, पण त्यांचे मन तेथे रमेना. आपल्या लोकांच्या संकटात आपण वाटेकरी झालो नाही, तर पुढे देश पुन्हा उभारताना आपल्याला बोलण्याचा अधिकार राहणार नाही, असा विचार करून ते जुलैमध्येच परतले. दोन महिन्यांच्या आत महायुद्ध सुरू झाले. पुढे ते हिटलरविरुद्धच्या गुप्त कटात सामील झाले. काही ज्यूंना स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप पोहोचवण्याच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. अहिंसा शिकायला गांधीजींकडे येऊ इच्छिणारा माणूस हुकूमशहाला ठार मारण्याच्या कटात गेला, ही गोष्ट लपवण्याजोगी नाही. त्यांनीही ती पुण्य म्हणून मिरवली नाही. त्यात दोष आहे हे जाणून, तो आपल्या शिरावर घेऊन ते पुढे गेले. ते योग्य होते की नाही यावर थोरामोठ्यांत मतभेद आहेत, आणि राहतील.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी आपला मित्र एबरहार्ड बेथगे याला लिहिलेली पत्रे पुढे जगभर वाचली गेली. १९४४ च्या ईस्टरपूर्वी लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की, मरण्याची भीती जिंकणे माणसाला साधते, सॉक्रेटिसाला ते साधले. पण मृत्यूलाच जिंकणे वेगळे, आणि ईस्टर त्याविषयी आहे. जूनच्या पत्रात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. पुनरुत्थानाची आशा माणसाला पृथ्वीवरून पळून जायला शिकवीत नाही. ती त्याला याच पृथ्वीवरच्या कामांकडे नव्याने परत पाठवते. १८ जुलैच्या पत्रात गेथशेमाने बागेची आठवण आहे. अटकेच्या आदल्या घटकेला येशू व्याकुळ होऊन प्रार्थना करीत होता आणि त्याचे शिष्य जवळच झोपी गेले होते. एक तासही माझ्याबरोबर जागता येत नाही काय, असे त्याने त्यांना विचारले. बॉनहोफर यांच्या मते सगळा धर्म या प्रश्नात आहे. जगात जिथे वेदना आहे तिथे देवाबरोबर जागे राहावे, हीच भक्ती.

१९४५ साली ईस्टर १ एप्रिलला आला. पुढच्या रविवारी, ८ एप्रिलला, बव्हेरियातील शोनबर्ग गावच्या एका शाळेत कैद्यांची एक तुकडी कोंडलेली होती. कैद्यांनी बॉनहोफर यांना प्रार्थना घ्यायला सांगितले. ते कचरले, कारण बहुतेक कैदी कॅथॉलिक होते आणि एक रशियन कम्युनिस्ट होता. रशियन गृहस्थाने संमती दिली तेव्हाच त्यांनी सुरुवात केली. वाचनासाठी पेत्राच्या पत्रातील तो भाग होता, जिथे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे मिळणाऱ्या जिवंत आशेचा उल्लेख येतो. प्रार्थना संपते न संपते तोच दोन माणसे आत आली आणि त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी एका इंग्रज सोबत्याजवळ निरोप ठेवला की, हा शेवट असला तरी माझ्यासाठी जीवनाची सुरुवात आहे. त्या रात्री फ्लॉसेनबुर्ग छावणीत खटल्याचा देखावा झाला आणि ९ एप्रिलच्या पहाटे त्यांना फाशी दिली. वय एकोणचाळीस. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोहोचले.

फाशीच्या दाराशी उभा असतानाही हा माणूस एका परधर्मी, किंबहुना धर्म न मानणाऱ्या, सोबत्याची संमती विचारीत होता. आम्हांस या सर्व हकिकतीत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. युद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी आपल्या चर्चच्या दोषाची जाहीर कबुली दिली. आपण अधिक धैर्याने बोललो नाही, अधिक प्रेम केले नाही, असा त्याचा आशय होता. कबुली चांगली झाली, पण तोपर्यंत साठ लाख ज्यू मारले गेले होते.

आता आपल्या घराकडे वळू. मॉरिशसची तुलना हिटलरच्या जर्मनीशी करणे मूर्खपणाचे होईल, आणि आम्ही ती करीत नाही. परंतु झोप लहान देशालाही लागते. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईस येथे दंगली झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली कुटुंबे वस्ती सोडून गेली. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला, आणि बेट काही दिवस पेटले. घरे जळाली, माणसे मेली. त्या दिवसांत आपण दारे लावून घेतली. भीती होती, हे खरे. पण ते दिवस सरल्यावर तरी आपल्यापैकी किती जण क्रिओल शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोन शब्द बोलून आले? हा प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणाला नव्हे, आम्हांलाच विचारीत आहोत.

याच बेटावर पेर लावाल नावाचे फ्रेंच धर्मगुरू १८४१ मध्ये आले. गुलामगिरी नुकतीच संपली होती, आणि मुक्त झालेल्या गुलामांना कोणी विचारीत नव्हते. पेर लावाल त्यांच्यातच राहिले, त्यांचीच भाषा बोलले आणि १८६४ मध्ये गेले. सेंत-क्रुआ येथील त्यांच्या समाधीवर दर सप्टेंबरात आपलेही लोक नवस फेडायला जातात. नवस फेडणे सोपे आहे. ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्यापाशी जाणे, हा त्या समाधीचा खरा प्रसाद आहे, आणि तो घेऊन परतणारे थोडे.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्माचा उपदेश मराठी पानावर कशाला? त्याला आमचे उत्तर असे की, मराठी भाषेला हा उपदेश नवा नाही. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग व ओवी या आपल्याच छंदांत येशूची भक्ती गायिली. त्यांनी देव बदलला म्हणून नातेवाईक दुरावले, पण भाषा त्यांनी कधी सोडली नाही. ज्या भाषेत तुकोबांचे अभंग आणि टिळकांची भजने दोन्ही नांदतात, त्या भाषेच्या लेकरांनी शेजाऱ्याचे शास्त्र ऐकायला भिऊ नये.

तेव्हा बंधु-भगिनींनो, यंदाच्या ईस्टरला शेजाऱ्याकडून केकची बशी आली की ती रिकामी परत करू नका, हे तर आपल्याला ठाऊक आहेच. त्याबरोबर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याचा मुलगा नशेच्या पायी वाया जात असेल, आणि आपलाही जात असेल. तर ते दुःख एकमेकांपासून लपवू नका. बैठकांत आपल्या समाजाच्या हक्काविषयी बोलताना दुसऱ्या समाजाविषयी हलका शब्द निघाला, तर तिथल्या तिथे त्याला अडवा, बोलणारा आपला मामा किंवा काका असला तरीही. घरातल्या मुलांना मराठी शिकवा आणि तीत शिवी नव्हे, सत्य बोलायला शिकवा. ही कामे फार मोठी नाहीत. यांसाठी कोणी आपल्याला फासावर चढवणार नाही.

मेलेला माणूस कबरेतून उठला की नाही, यावर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे विचार करावा. जिवंत माणसाने झोपेतून उठावे, याबद्दल मात्र गीता, गाथा आणि बायबल यांत मतभेद नाही. कोजागिरीला लक्ष्मीने विचारलेला प्रश्न आणि गेथशेमानेत येशूने विचारलेला प्रश्न आम्हांस एकच वाटतो. त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून, शेजाऱ्याला बरोबर घेऊन, द्यावे अशी आमची विनंती आहे.

आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांना ईस्टरच्या मनःपूर्वक शुभेच्छा.