कारखाना टिकला, बैठक विरळ झाली

दरडोई बिअर पिण्यात चेकिया हा छोटा देश गेली तीसहून अधिक वर्षे जगात पहिला आहे. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. २००५ च्या सुमारास तिथे माणशी, म्हणजे तान्ही मुलेही धरून, वर्षाला १६० लिटरच्या आसपास बिअर खपत असे. २०२४ मध्ये हा आकडा १२६ लिटरवर आला. आरोग्याच्या दृष्टीने ही बातमी चांगलीच आहे, आणि दारूची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला या आकड्यामागचा दुसरा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो.

चेस्के बुडेयोविसे या गावात १८९५ साली चेक भाषिकांनी बिअरचा कारखाना काढला. गावातला जुना कारखाना जर्मन भाषिकांचा होता, त्याला उत्तर म्हणून हा उभा राहिला. हाच आजचा बुडवार. १९४८ नंतर तो सरकारी झाला आणि १९६७ पासून 'राष्ट्रीय उद्योग' म्हणून चालतो. गावाच्या जर्मन नावावरून आलेल्या 'बुडवायझर' या नावासाठी त्याने अमेरिकन कंपनीशी शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण चालवले आहे. पिल्झेनचा नामांकित कारखाना २०१७ मध्ये जपानच्या असाहीकडे गेला, प्रागचा स्टारोप्रामेनही परकीय मालकीचा झाला. बुडवार मात्र विकला गेला नाही. तो आजही कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

म्हणजे कारखाना राखला. पण बिअर प्यायची जागा?

चेक लोकांचा 'होस्पोदा' हे नुसते दारूचे दुकान नव्हे. ठरलेले टेबल, ठरलेली माणसे, प्रत्येक पेल्यामागे चिठ्ठीवर वेटरने ओढलेली एक रेघ. गावाचे राजकारण, फुटबॉल, कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, सगळे तिथेच कळायचे. पूर्वी देशातली साधारण निम्मी बिअर अशा ठिकाणी प्यायली जाई. आता ते प्रमाण जेमतेम एक तृतीयांश आहे. बाकीची दुकानातून घरी जाते.

कारणे सरळ आहेत. कोरोनाकाळात होस्पोदे महिनोन्‌महिने बंद राहिले आणि लोकांना घरी प्यायची सवय लागली. २०२२ मध्ये महागाई १५ टक्क्यांवर गेली. दुकानातल्या बाटलीपेक्षा होस्पोद्यातला पेला कितीतरी महाग पडू लागला. त्यातच होस्पोद्यातल्या पिंपाच्या बिअरवरचा कर जानेवारी २०२४ पासून १० वरून २१ टक्के झाला. तरुण पिढी तशीही कमी पिते. बिनअल्कोहोलची बिअर वाढते आहे.

यातली विसंगती आम्हाला बोचते. एका हाताने सरकार राष्ट्रीय कारखाना जपते, दुसऱ्या हाताने लोकांच्या बैठकीवर कर वाढवते. बुडवारची निम्म्याहून अधिक बिअर परदेशी जाते, त्यामुळे घरचा खप घटला तरी कारखाना चालू शकेल. खेड्यातल्या होस्पोद्याला मात्र निर्यातीचा आधार नाही. काही गावांत तर ग्रामपंचायतच तो चालवायला घेते, कारण तो बंद पडला तर माणसांनी भेटायचे कुठे?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. वास्तू, विश्वस्त मंडळ, नाव, मालकीची कागदपत्रे हे सारे आपण निगुतीने सांभाळतो, आणि ते सांभाळायलाच हवे. पण वाचनालयातल्या टेबलाभोवती रोज चार माणसे बसत नसतील, तर मालकी कशाची उरली? गणेशोत्सवाला सभागृह भरते; प्रश्न उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा आहे. कार्यक्रमांचा खर्च ठरवताना समितीने आणि सभासदांनी एवढे जरूर पाहावे: रोज संध्याकाळी दार उघडे राहील, चहा मिळेल आणि आलेल्या माणसाला बोलायला कोणीतरी असेल, याची सोय आपण केली आहे का?