‘वजन वाढू दे, मग बघू’ म्हणू नका

बाळ दूध ओढता ओढता थांबतं, कपाळावर घाम डवरतो, श्वास भरभर चालतो, बाळसं काही धरत नाही. घरात मग ‘दूध अंगी लागत नाही’, ‘कफ झालाय’, ‘दृष्ट लागली’ असं म्हणत महिना-दोन महिने निघून जातात. कळकळीची विनंती आहे, अशा बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगितलं तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लगेच करून घ्या.

असा त्रास हृदयदोषामुळेही होऊ शकतो. हृदयात मोठं छिद्र असलं की फुप्फुसांकडे नको तेवढं रक्त जातं. जन्मानंतर काही आठवडे तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणून बाळ ठणठणीत दिसतं. त्या सैलावल्या की त्रास सुरू होतो, आणि तो त्रासच वजन वाढू देत नाही. फार थांबलं तर त्या वाहिन्या कायमच्या जाड होतात. मग छिद्र बुजवणंही शक्य राहत नाही. छिद्र लगेच बुजवता येण्यासारखं नसेल, तर सर्जन फुप्फुसाच्या धमनीभोवती पट्टी आवळून प्रवाह कमी करतात.

काही बाळांचं नेमकं उलटं असतं. फुप्फुसांना रक्त कमी पडतं आणि बाळं निळी पडतात. सावळ्या बाळाचा निळेपणा कातडीवर ओळखू येत नसेल, तर जीभ आणि हिरड्या उजेडात पाहा. अशा निळ्या बाळांसाठी १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्या कल्पनेतून सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. प्रयोगशाळेत ते तंत्र बसवलं होतं ब्लॅलॉक यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी. कृष्णवर्णीय असलेल्या या माणसाला श्रेय मिळायला फार वर्षं लागली. आज बहुतेक वेळा या दोन धमन्यांमध्ये साडेतीन-चार मिलिमीटरची नळी बसवतात. तिला शंट म्हणतात.

शंट बसवलेलं बाळ घरी आलं की ही बारीक नळी डोळ्यांसमोर ठेवा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर तिच्यात गुठळी होऊ शकते. ‘दात येताहेत’ म्हणून घरी थांबू नका. ॲस्पिरिन दिलं असेल तर चुकवू नका, मनानं बंद करू नका. बाळ एकाएकी जास्त निळं पडलं किंवा मलूल झालं, तर रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठा.

पैशांपायी अडू नका. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हृदयदोषाचीही तपासणी करतं आणि मोफत उपचारांसाठी पुढे पाठवतं. आणि शंट बसवलेल्या बाळाला घेऊन दवाखान्यात कुठल्याही कारणानं गेलात, तरी ‘बाळाला शंट आहे’ हे सगळ्यांत आधी सांगा.