आटत्या पाण्याचे वैभव

जलाशय तुडुंब भरला की आपण आनंदतो आणि आटू लागला की हळहळतो. पावसावर जगणाऱ्या समाजात हे स्वाभाविकच आहे. परंतु केवळ पाण्याच्या पातळीवरून जलाशयाचे मोल ठरवणे योग्य नव्हे. आटत चाललेला जलाशय किती जीवांना पोसतो, हे समजण्यासाठी उन्हाळ्यातील एक दिवस तेथील पक्ष्यांच्या निरीक्षणात घालवावा.

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा पाणफुगवटा पुणे जिल्ह्यातील भिगवणच्या परिसरापर्यंत पसरतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओसरते, तशी उथळ डबकी आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. मासे थोड्या पाण्यात एकवटतात. गाळातील कृमिकीटक चोचीच्या टप्प्यात येतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहावे, तर उंच पायांचे रोहित पक्षी मान खाली घालून, उलट्या चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव वेचत असतात. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून मासा लागण्याची वाट पाहतो. चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवतो. शेकाट्या उथळ पाण्यात, तर इवलासा तुतवार काठाच्या ओल्या मातीवर भक्ष्य टिपतो. ज्याची चोच आणि पाय जसे, तशी त्याची जागा. तुडुंब भरलेल्या जलाशयात यांपैकी बहुतेकांना उभे राहायलाही जागा नसते.

दुपारी ऊन तापले, की काठाचे दुसरे महत्त्व कळते. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि नदी सुरय वाळूच्या बेटांवर. खड्यांसारखी दिसणारी ती अंडी गुरांच्या खुरांखाली, वाहनांच्या चाकांखाली सहज चिरडली जातात. म्हणून ओसाड वाटणारा काठ रिकामा आहे, असे समजून तेथे वाहने नेणे वा माती उपसणे घातक ठरते.

अर्थात, काठावर माणसेही जगतात. धरणाने अनेकांच्या जमिनी घेतल्या. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर केली, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र घरटी असलेली बेटे आणि चिखलाचे काही पट्टे विणीचे दोन-तीन महिने मोकळे ठेवणे अशक्य नाही. भिगवणच्या परिसरात मच्छीमारच पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात. पक्षी टिकले, तर त्यांची मिळकतही टिकते. छायाचित्रासाठी थवा उडवणाऱ्या हौशी मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे.

२०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले आहेत. पक्ष्यांना मात्र नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद ठाऊक नसतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हाही मुळात सिंचनासाठी घातलेला बंधारा. गाळ साचून तेथे बेटे आणि उथळ पाणी निर्माण झाले, पक्षी आले. १९८६ मध्ये तो परिसर अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माणसाने बांधलेला जलाशयही जपण्याजोगा असतो, हे त्यातून सिद्ध होते.

धरणाचे पाणी मोजताना आपण दशलक्ष घनफुटांचा हिशेब ठेवतो. ओसरत्या पाण्याने उघड्या पडणाऱ्या काठाचीही दखल त्या हिशेबात घेतली पाहिजे.