दारूचे माप

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि त्या कामाचा सारा जीव दारूच्या मापात आहे. हे माप ग्रेनमध्ये धरतात. पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम. .३८ स्पेशल या काडतुसाची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी घडली, म्हणून ती ऐसपैस. आजच्या जलद जळणाऱ्या धूरविरहित दारूने तिचा फक्त तळ झाकला जातो. चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही, वर गोळी निमूट बसते. खरा धोका इथे आहे. म्हणूनच गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून दिव्याखाली एकेकीत डोकावून पाहणे मला महागड्या तराजूपेक्षाही मोलाचे वाटते. (तराजूही हवाच, आणि तो प्रमाणित वजनाने तपासलेला.) नवे माप ठरवताना छापील पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या आकड्यापासून निघावे, तिने सांगितलेलीच दारू आणि गोळी वापरावी. आयडाहोच्या एल्मर कीथने पुस्तिकांच्या पलीकडे जाऊन प्रयोग केले. १९२५ मध्ये त्याच्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटले, मग तो जाड भिंतींच्या .४४ स्पेशलकडे वळला, आणि त्याच वाटेवर १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आले. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण त्याचे जुने आकडे आज कोणी उतरवून घेऊ नयेत. कारखान्यात दाब मोजायची यंत्रे असतात. घरच्या टेबलावर तो दाब दिसत नाही, आणि पुंगळीवरच्या जादा दाबाच्या खुणा रिव्हॉल्व्हरमध्ये फार उशिरा उमटतात.