पऱ्ह्यावाचून रोवणी

विद्यापीठांत विशेष मानाची अध्यासने स्थापावीत, त्यांवर सरकारी खजिन्यातून भरघोस वेतन ठेवावे आणि देशोदेशीचे नामांकित पंडित त्यांवर आणून बसवावेत, म्हणजे आपल्या विद्येचे दैन्य फिटेल, असा एक पक्ष हल्ली मोठ्या हिरिरीने मांडला जातो. विद्येवर सरकारने पैसा खर्चावा, याविषयी आमचा वाद नाही. खर्च होतो तो फारच थोडा, असेच आमचे मत आहे. आमचा वाद क्रमाविषयी आहे. तुमसराकडील धानाचा शेतकरी आधी पऱ्हे टाकतो, मग रोवणी करतो. पऱ्हे न टाकता दुसऱ्याच्या बांधीतील चार जोमदार रोपे उपटून जो आपल्या बांधीत लावील आणि पीक आले म्हणून मिरवील, त्यास गाव हसल्यावाचून राहणार नाही. विद्येच्या शेतात मात्र हीच युक्ती मुत्सद्देगिरी म्हणून गौरविली जाते!

या पक्षाचे आवडते उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे. सर आशुतोष मुखर्जी यांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांस पालित अध्यासनावर आणले आणि 1930 साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले, एवढेच सांगून हे लोक थांबतात. पण पुढची आणि मागची हकीकत कोणी पाहावयाची? ते अध्यासन सरकारच्या पैशावर नव्हे, तर तारकनाथ पालित या वकिलाच्या दानावर उभे होते. रामन 1917 साली त्यावर आले ते अर्थखात्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून. म्हणजे त्यांस ओढून आणणारी वस्तू वेतन खचितच नव्हती. ती वस्तू होती प्रयोगशाळा. 1876 साली महेंद्रलाल सरकार यांनी स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत कचेरीचे काम आटोपून रामन वर्षानुवर्षे प्रयोग करीत आले होते. हेच रामन 1910 च्या सुमारास काही काळ नागपुरासही हिशेबखात्यात अधिकारी होते. परंतु नागपुरास तेव्हा विद्यापीठच नव्हते. ते झाले 1923 साली. सरकारी बदलीने रामन नागपुरास आले आणि बदलीनेच गेले. आधी घर, मग पाहुणा, हा साधा नियम आहे.

मुंबईचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. 1919 साली मुंबई विद्यापीठाने पॅट्रिक गेडिस यांस समाजशास्त्राच्या अध्यासनावर बोलाविले. गेडिस 1924 पर्यंत राहिले व गेले. पण त्यांच्या शिफारशीने गोविंद सदाशिव घुर्ये हा मालवणकडचा तरुण विलायतेस गेला, परत येऊन त्याच विभागाचा प्रमुख झाला आणि 1959 पर्यंत त्याने तो चालविला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्याच घुर्यांचे विद्यार्थी. गेडिस यांच्या पाच वर्षांचे मोल मुंबईस मिळाले ते घुर्यांच्या पस्तीस वर्षांत. घुर्यांस द्यावयास जागाच नसती, तर गेडिस यांची कीर्ती गेडिस यांच्याबरोबरच बोटीत बसून गेली असती.

आमच्या भंडारा जिल्ह्यातीलच एक दाखला घ्या. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूप 1969-70 साली उजेडात आला, तो नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संयुक्त उत्खननात. विद्यापीठाकडून त्याची धुरा वाहणारे शांताराम भालचंद्र देव हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून आलेले. तेव्हा बाहेरचा विद्वान आणू नये, असे आम्ही म्हणतच नाही. पण देव आले ते एका चालत्या विभागात शिकवावयास आणि विद्यार्थ्यांसह खणावयास. एखाद्या सोहळ्याचे भूषण म्हणून नव्हे.

आता आजची स्थिती पाहावी. केंद्र सरकारने 2017 साली 'वज्र' नावाची योजना काढली. तीत परदेशस्थ विद्वानाने वर्षातून एक ते तीन महिने येऊन जावे आणि पहिल्या महिन्यास पंधरा हजार डॉलर घ्यावेत, अशी तरतूद होती. त्याच काळात महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि शिकविण्याचे काम तासिका तत्त्वावरील तरुणांवर पडले. तासागणिक मोबदला घेणाऱ्या, सुटीत उपाशी राहणाऱ्या आणि पुढील जूनमध्ये आपण असू की नाही हे न जाणणाऱ्या या माणसाने संशोधन केव्हा करावे? ग्रंथ कशाच्या बळावर घ्यावेत? आणि तुमसरच्या ज्या मुलाने त्याची ही दशा डोळ्यांनी पाहिली, तो विद्येच्या वाटेस जाईल तरी का?

कोणी म्हणेल, तालुक्याच्या गावी संशोधनाचे काय प्रयोजन? या तुमसर तालुक्याच्या पोटात मँगॅनीज आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी सरकारी कंपनी चालविते. या प्रदेशातील मँगॅनीजयुक्त खडकांचा अभ्यास करून फर्मर या सरकारी भूशास्त्रज्ञाने एका खडकास गोंडांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले आणि 1909 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंडांचे नाव जगाच्या भूशास्त्रात गेले; गोंडांच्या मुलास ते शास्त्र शिकविणारा कायमचा अध्यापक मात्र आजही मागून मिळत नाही. येथे प्रयोजन नाही, तर मग ते आहे तरी कोठे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्या विभागातील मंजूर जागा भरलेल्या नाहीत, तेथे सरकारने विशेष अध्यासनास एक पैही देऊ नये. जेथे द्यावयाचे तेथे निदान पाच वर्षांसाठी द्यावे. आणि त्यासोबत दोन कनिष्ठ अध्यापकांच्या कायम जागा व विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या बांधून द्याव्यात. अध्यासनस्थ पंडिताने वर्षातील काही आठवडे जिल्ह्याच्या महाविद्यालयांत शिकवावे. आणि त्याच्या कार्याचे मोजमाप त्याने मागे किती शिष्य उभे केले, यावरूनच व्हावे.

यास खर्च अधिक लागेल, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. लागेलच. पण एका नावावर केलेला खर्च त्या नावाबरोबर निघून जातो, आणि पऱ्ह्यावर केलेला खर्च बांधीत राहतो. हा हिशेब तुमसरच्या बाजारात धान आणणाऱ्या कोणत्याही कास्तकारास समजतो. सचिवालयास तो न समजावा, हेच काय ते आश्चर्य!